अर्थसीत राजकारण नाही म्हणे!

दर्यावर्दी
परवा एकांनी ठोकून दिलं, 'उर्सुला ले ग्विनबाईंच्या अर्थसी या जादूगारांच्या कादंबरीमालेत तत्त्वज्ञान भरपूर, राजकारण शून्य. राजा येतो आणि सगळं सुरळीत.' गप्प बसवेना. अर्थसी म्हणजे बेटांचं जग. तिथल्या राजधानीचं, हॅवनॉरचं, सिंहासन कित्येक शतकं रिकामं, कारण पुराणवीर एरेथ-अक्बेचं कडं मोडलंय. त्यावर नऊ चिन्हं. चार एका तुकड्यावर, चार दुसऱ्यावर आणि नववं, शांततेचं, नेमकं मधोमध तुटलेलं. एक तुकडा कार्गाद साम्राज्यातल्या अटुआनच्या थडग्यांच्या (तिथलं एक देवस्थान) खजिन्यात, दुसरा कार्गादच्याच जुन्या राजघराण्यातल्या दोन पोरांकडे. नव्या राजाची राजरक्त सांडायची छाती नाही म्हणून त्यांना वाळूच्या बेटावर नेऊन सोडलं. हे राजकारण नाही तर काय, भजन?

आणि मुख्य मुद्दा: नाव. अर्थसीत कशाचंही खरं नाव कळलं की त्यावर जादू चालते. २००१च्या 'द अदर विंड'मध्ये कळतं की जुन्या जादूगारांनी अमर व्हायच्या हावेपोटी ड्रॅगनांच्या वाट्याच्या मुलखात दगडी कुंपण घातलं. खरं नाव असलेला माणूस मेला की त्या कोरड्या प्रदेशात अडकतो. कार्गादच्या लोकांना खरी नावं नाहीत, ते पुन्हा जन्म घेतात. म्हणजे जादूचा पहिला नियमच बळकावलेल्या जमिनीचा सातबारा आहे.

पाटीपेन्सिल
सातबारा आवडला, पण फेरफार ३३ वर्षांनी नोंदवलाय! पहिलं पुस्तक १९६८चं. १९७२च्या 'द फार्देस्ट शोअर'मध्ये तो कोरडा प्रदेश हाच साधासरळ मृत्यू आहे, दोष फक्त कॉब या जादूगाराने जगणं-मरणं यांच्यामध्ये पाडलेल्या भोकाचा. बाईंनी मागाहून ठिगळ लावलं. उत्तम लावलं, पण ठिगळच.

जादूने जगाचा समतोल ढळतो, या नियमाचंही तेच. रोक बेटावर पाऊस पाडाल तर ऑस्किल बेटाला दुष्काळ पडेल, असं रोकच्या जादूशाळेचे मास्तर बजावतात. आणि इकडे बऱ्यापैकी गलबतावर पगारी वारेवाला हवाच! रोज शेकडो शिडांत मंत्राचा वारा भरतोय, त्याचा दुष्काळ कुठे पडला?

दर्यावर्दी
वाऱ्याचं मान्य. बाईंच्या वतीने आपण माफी मागतो, झालं? पण भोक पडल्यावर काय होतं ते पुन्हा वाचा. लॉर्बनेरी बेटावर रेशीम रंगवणारे कसब विसरतात, माल निकृष्ट, बाजार बसला, जो तो दुसऱ्यावर खापर फोडतोय. राजा नसताना एकेक बेट असं सुटत जातं.

नक्षत्रबाई
अवांतर: मराठीत आणताना खऱ्या नावाला 'सत्यनाम' नको, लगेच गुरुद्वारा आठवतो. आपल्याकडे नावरस नाव आहे की!

पाटीपेन्सिल
अजिबात नाही. नावरस नाव पंचांगातून निघतं. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, १०८ अक्षरं. अश्विनी असेल तर चू, चे, चो, ला. अक्षर ठरलेलं, पुढचं आत्याबाईंच्या मर्जीवर. तिकडे अर्थसीत तेराव्या वर्षी आधी पाळण्यातलं नाव काढून घेतात. कथेचा नायक असलेलं पोरगं उघडंनागडं, बिननावाचं आर नदीच्या उगमाच्या गार पाण्यातून चालत जातं, पलीकडे जादूगार ओगियन त्याचा दंड धरून हळूच खरं नाव सांगतो: गेड. नाव देणारा ते निवडत नाही, त्याला ते सापडतं.

नक्षत्रबाई
बारशालाही बाळाच्या कानातच सांगतात हो. आणि गेडच्या 'स्पॅरोहॉक' या चारचौघांतल्या नावाला काय म्हणाल? व्यवहारनाम? आधार कार्डावरचं वाटतं.

दर्यावर्दी
'हाकेचं नाव' म्हणा.

पाटीपेन्सिल
हे बरंय. बाकी रोक बेटाचं काय करणार? मराठीत 'रोख' ऐकू येईल, म्हणजे नगद!

उंबरठा
नावांचं पुरे. पुरुष जादूगाराला 'मांत्रिक' म्हणालात तर लिंबू-टाचण्या येतील, म्हणून 'महर्षी' करणार. आणि बाईला? 'चेटकीण'! रोकच्या शाळेत मुली घेत नाहीत, गावोगावी म्हण काय, तर बायकांच्या जादूइतकं दुबळं, बायकांच्या जादूइतकं दुष्ट. गेडला पहिले मंत्र शिकवले त्याच्या मावशीने, ती जन्मभर गावची चेटकीण. तुम्ही दोघं कड्याच्या तुकड्यांवर भांडताय, ते जोडलेलं कडं मनगटात घालून गेडच्या बोटीत बसलेली टेनार आहे, अटुआनच्या देवळातली पुजारीण. तिचं एक नाव देवळाने गिळलं, पुढे गोंट बेटावर 'गोहा' होऊन बकऱ्या सांभाळल्या. राजकारण हवं ना? १९९०चं 'तेहानू' उघडा.

पाटीपेन्सिल
उघडलं होतं. अर्धं पुस्तक भांडी घासण्यात जातं.

उंबरठा
घासतं कोण, ते पाहिलंत?

पाटीपेन्सिल
पाहिलं. टेनारचा मुलगा स्वतःची ताटलीसुद्धा धूत नाही. बरं, त्या पानापुरतं राजकारण आहे. वाऱ्याच्या हिशेबाचं मात्र अजून कोणी बोललेलं नाही.