मदत हवी आहे : ब्रिटनच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे जागावाटप

मजूर पक्षाचे माजी मंत्री रॉय जेन्किन्स, डेव्हिड ओवेन, शर्ली विल्यम्स आणि बिल रॉजर्स यांनी मार्च १९८१ मध्ये स्थापन केलेल्या या मध्यममार्गी पक्षावर मी लेख लिहीत आहे. १९८३ मध्ये लिबरल पक्षासोबतच्या आघाडीला २५.४ टक्के मते मिळूनही जागा २३ च मिळाल्या आणि त्यांतल्या अवघ्या ६ सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या होत्या. दोन्ही पक्षांचे उमेदवार जवळपास समसमान असताना त्यांच्या जागांत पडलेली ही तफावत केवळ निवडणूक पद्धतीमुळे पडली, हे मला पटत नाही. मतदारसंघनिहाय निकाल मी तपासले आहेत. या दोन पक्षांचे १९८८ चे विलीनीकरण आणि त्याला ओवेन यांनी केलेला विरोध यांवरील साहित्यही हाताशी आहे, त्यामुळे ते नको. इंग्रजी साधने चालतील, मात्र ती भारतातून पाहता यायला हवीत. दोन्ही पक्षांनी मतदारसंघ कोणत्या निकषांवर वाटून घेतले, याची मूळ कागदपत्रे कोठे मिळतील?