मदत हवी आहे: मुलीसाठी सोलापुरात ईएनटीसी की पुण्याला एआय? (कॅपचा फॉर्म भरायच्या आधी ठरवायचंय)

नमस्कार मंडळी,

मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. एमएचटी-सीईटीला पीसीएम ग्रुपमध्ये ९१ च्या थोडं वर पर्सेंटाइल आहे. जेईई दिलेली नाही. आम्ही ओबीसी, नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणी दोन्ही हातात आहे, उत्पन्न आठ लाखांच्या बरंच खाली. थोड्याच दिवसांत कॅपचे, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचे, पर्याय भरायचे आहेत आणि घरात अजून एकमत होत नाही. इथे इंजिनिअर झालेले, कॉलेजात शिकवणारे, कंपनीत मुलाखती घेणारे बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. शिक्षण आयटीआय, वायरमन. आमच्या घराण्यात इंजिनिअरिंगला जाणारी ही पहिलीच. त्यामुळे सल्ला द्यायला सगळे येतात, पण आपण विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर कोणाकडून मिळत नाही.

समोर तीन वाटा आहेत.

एक म्हणजे सोलापुरातच राहायचं. वालचंद इन्स्टिट्यूट (इथलं डब्ल्यूआयटी, सांगलीचं वालचंद कॉलेज वेगळं) किंवा ऑर्किड. मागच्या वर्षांचे कटऑफ बघता कॉम्प्युटर मिळणं कठीण वाटतं, ईएनटीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन मिळायला हरकत नाही. दुसरी वाट पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठाची. तिथे एआय आणि डेटा सायन्सला जागा मिळतेय, प्रवेश त्यांच्या स्वतःच्या प्रक्रियेतून. हे तिच्या मामांनी सुचवलंय, त्यांचा मुलगा पुण्यात आयटीत आहे. तिसरी वाट इचलकरंजीच्या डीकेटीई कॉलेजात टेक्स्टाइलची. ती माझ्या मनात आहे, मुलीच्या फारशी नाही, म्हणून तिच्यावर जास्त लिहीत नाही.

पैशाचं आधी सांगतो, कारण आमचं बरंच काही त्यावर अडलंय. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. शासन निर्णय मी स्वतः वाचला. प्रवेश कॅपमधून हवा, मॅनेजमेंट कोट्याला लागू नाही, खासगी आणि अभिमत विद्यापीठांनाही नाही. म्हणजे मुलगी इथल्या कॉलेजात कॅपमधून गेली तर इतर किरकोळ शुल्क आणि पुस्तकं एवढाच खर्च, जेवणखाण घरी. पुण्याला गेली तर चार वर्षांची सगळी फी, हॉस्टेल, मेस, म्हणजे मोठं शैक्षणिक कर्ज. मामा म्हणतात, नोकरी लागली की दोन वर्षांत फिटेल. आयटीतल्या मोठ्या कंपन्यांत फ्रेशरला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात आणि हा आकडा गेली कित्येक वर्षं फारसा हललेला नाही, असं मामांचा मुलगाच सांगतो. त्यात पुण्यात खोली करून राहायचं आणि हप्ताही भरायचा, हे गणित मला जमत नाही. कोणाला जमलं असेल तर कृपया आकड्यांसकट सांगा.

आता शाखेचं. मामांचं म्हणणं, पुढचा जमाना एआयचा आहे, मशीनबिशीनच्या मागे लागू नका. त्यांची कळकळ खरी आहे, मी ती मानतो. पण दोन गोष्टींनी मी थांबतो. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय संस्थेने २०२४-२५ पासून एका शाखेत किती जागा घ्यायच्या यावरची कमाल मर्यादा काढली. त्यानंतर बऱ्याच कॉलेजांनी कॉम्प्युटर आणि एआयच्या जागा वाढवल्या. ती पोरं तीन-चार वर्षांनी एकदमच बाहेर पडणार. आणि २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करत असल्याचं जाहीर केलं. आयटी संपलं असं मी म्हणत नाही, मला तेवढं कळतही नाही. पण ज्या शाखेसाठी कर्ज काढायचं, तिच्यात गर्दी किती होणार हे तरी बघायला पाहिजे ना?

उलट मी रोज काय बघतो ते सांगतो. आमच्याकडे जुने यंत्रमाग जाऊन रेपियर हे नव्या पद्धतीचे माग आले. जेकार्ड, म्हणजे मागावर नक्षी विणणारं यंत्र, आधी पुठ्ठ्याच्या पंच केलेल्या कार्डांवर चालायचं, आता इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आहे, डिझाइन कॉम्प्युटरवर बनतं आणि फाइल थेट मागाला जाते. यांत्रिक बिघाड असला तर आमचे जॉबर उभ्या उभ्या काढतात, मोटर-वायरिंगचं मी बघतो. पण कंट्रोलरचा बोर्ड गेला, ड्राइव्ह अडली, पीएलसीत, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, काही झालं की आम्ही सगळे हात बांधून उभे. बाहेरगावचा माणूस बोलवायचा नाहीतर बोर्ड काढून पाठवायचा, तोवर माग बंद, माग बंद तर कामगाराची मजुरी बंद. असा माणूस गावातच असता तर त्याला कारखानदार डोक्यावर घेऊन नाचले असते. चिंचोळी एमआयडीसीतल्या ओळखीच्यांना विचारलं, तिथल्या मशीन शॉपमध्येही तीच रड आहे. साखर कारखान्यांत सहवीजनिर्मितीमुळे सगळं पॅनेल आणि ऑटोमेशनवर गेलंय. एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात आहे. शेतीच्या फीडरसाठी सौर प्रकल्पही उभे राहतायत.

आणि मुलीला याची आवड आहे. सुट्टीत डबा द्यायला आली की पॅनेल उघडं असेल तिथेच थांबते. घरी तिने आर्डुइनोवर पाण्याच्या टाकीचा अलार्म केलाय, अजून चालतोय. कोडिंगचाही कंटाळा नाही. म्हणून मला वाटतं की ईएनटीसी तिच्यासाठी बरी, हार्डवेअर हातात राहील आणि सॉफ्टवेअरचा रस्ताही बंद होणार नाही.

पण मी हे सगळं एका कारखान्याच्या आतून बघतोय. आम्हाला माणूस लागतो हे खरं, पण इथला कारखानदार पदवीधर मुलीला पगार काय देईल? शॉप फ्लोअरवर इंजिनिअर म्हणून तिला घेईल का? सोलापुरात मी अजून एकही बाई मेंटेनन्सला पाहिलेली नाही. मुलगी म्हणते, कोणीतरी पहिली असणारच. ते ऐकून छाती फुगते आणि रात्री काळजीही वाटते.

तर जाणकारांना विचारायचंय ते असं. ईएनटीसी करून ऑटोमेशन, एम्बेडेड किंवा चिप डिझाइनमध्ये गेलेले कोणी असतील, विशेषतः सोलापूर, सांगली, लातूरसारख्या ठिकाणच्या कॉलेजातून, तर पहिली नोकरी कशी मिळाली? पुण्यातल्या कंपन्या खरंच आमच्या भागातल्या कॉलेजात येतात का, की मुलांनाच चाकण-भोसरी गाठावी लागते? गेट परीक्षा देऊन सरकारी कंपन्यांत जायचं तर ईएनटीसीला जागा किती असतात, की त्यासाठी इलेक्ट्रिकलच बरी? पहिल्या वर्षानंतर गुणांवर शाखा बदलता येते असं सांगतात, प्रत्यक्षात कोणाला मिळाली आहे का?

प्लेसमेंटबद्दलही एक शंका. जाहिरातीत सर्वात मोठं पॅकेज छापतात, त्यावरून काही कळत नाही. एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते, त्यात किती मुलांना नोकरी लागली आणि मधला (मीडियन) पगार किती, हे असतं. मी ते तक्ते उतरवून घेतलेत. ते पूर्ण कॉलेजचे असतात, शाखेनुसार आकडे कुठून मिळवायचे?

ता. क. (प्रतिसाद वाचून भर घालतोय)

सगळ्यांचे मनापासून आभार. काहींनी टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीची जागा, घ्या म्हणून सुचवलंय. त्या जागा पाच टक्केच, कटऑफ फार वर जातो, आणि मुलींच्या माफीमुळे आम्हाला त्याची तितकी गरज नाही. तरी ते कोड फॉर्ममध्ये टाकणार आहोत.

एका ताईंनी महत्त्वाचं लक्षात आणून दिलं. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो आपोआप पक्का होतो, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. त्यामुळे जे खरंच हवं तेच वर लिहायचं. आता माझा प्रश्न एवढाच उरलाय: डब्ल्यूआयटीचं कॉम्प्युटर पहिलं टाकून ईएनटीसी दुसरं ठेवावं, की आवड ईएनटीसीची आहे तर तेच पहिलं? मुलगी दुसऱ्या बाजूची आहे, तिची आई पहिल्या.

आणि ज्या दादांनी लिहिलंय की त्यांच्या कंपनीत ऑटोमेशनला चार मुली आहेत, त्यांना विनंती: त्यांच्यापैकी कोणी माझ्या मुलीशी दहा मिनिटं फोनवर बोलेल का? मला व्यक्तिगत निरोप पाठवा, त्यांना सोयीची वेळ आम्ही पाळू.