"दर तीन महिन्याला नवीन स्किल शिका" म्हणणाऱ्यांनो, शिकवणार कोण ते पण सांगा

लेथवाला चाकण:
परवा इथेच एकाने लिहिलं होतं, "नोकरी गेली असेल तर आधी आरशात बघा. मोबाईल हातात आहे, कोर्स फुकट आहेत, दर तीन महिन्याला एक नवीन स्किल शिका. जो शिकत नाही तो आळशी." लोकांनी वाहवा केली. मला तेव्हापासून राग आलाय, म्हणून मोठं लिहितोय.

मी आयटीआय टर्नर. दोन वर्षं ट्रेड, एक वर्ष अप्रेंटिस, मग अठरा वर्षं साध्या लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापायच्या मशीनवर. माझ्या वयाच्या ३९व्या वर्षी शॉपमधले चार लेथ काढले आणि दोन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीन आल्या. मी शिकलो की. आधी स्वतःच्या खिशातून पंधरा हजार भरून तीन महिन्यांचा क्लास केला. मशीन एक आणि पोरं चाळीस, बाकी सगळं कॉम्प्युटरवर. प्रोग्रॅमचे कोड, जी०१ काय, जी७१ काय, एम३० कुठे टाकायचा, सगळं पाठ झालं. सर्टिफिकेट पण मिळालं. आणि शॉपमध्ये तिसऱ्या दिवशी ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेचा आकडा टाकताना माझं वजाचं चिन्ह राहिलं आणि जी०० ला, म्हणजे पूर्ण वेगाच्या चालीला, टूल सरळ जाऊन जॉब पकडणाऱ्या चकवर आपटलं. तो आवाज अजून कानात आहे. इन्सर्ट फुटला, होल्डर गेला, अलाइनमेंटसाठी दीड दिवस मशीन बंद.

आमचे सेटर काका, म्हणजे मशीन लावून देणारे, शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी मला शेजारी उभं केलं आणि सांगितलं, नवीन प्रोग्रॅमचा पहिला पीस सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एकेक ओळ करून चालवायचा, रॅपिडचा वेग २५ टक्क्यावर ठेवायचा, डावं बोट फीड होल्डवरून, म्हणजे थांबवायच्या बटणावरून, हलवायचं नाही. स्क्रीनवर अजून किती अंतर जायचंय ते बघ आणि डोळ्याने टूल किती लांब आहे ते बघ, दोन्ही जुळत नसेल तर थांब. असे सहा महिने ते माझ्या मागे उभे राहिले. मी शिकलो ते तिथे, आणि त्या सहा महिन्यांत माझा पगार चालू होता. ज्याला असा काका नाही, पगार नाही, त्याला आळशी म्हणायचा अधिकार कोणी दिला?

पुन्हा कामावर:
दादा, तुमचा अनुभव खरा आहे पण तुम्ही सगळ्यांचं बोलू नका. मला कोणी काका नव्हता. लग्नानंतर अकरा वर्षं घरी होते, बीकॉम झालेलं पण सगळं विसरलेलं. रात्री साडेदहाला ओटा आवरला की मोबाईलवर टॅली, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचे व्हिडिओ बघत बसायचे, आवाज बारीक करून, कारण शेजारच्या खोलीत सासूबाई झोपलेल्या. आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्या दिवशी बारा वर्षं व्हॅटची रिटर्न भरणारे मुनीम आणि मी एकाच ठिकाणी उभे होतो, त्यांनाही काही येत नव्हतं आणि मलाही. ते म्हणाले आता या वयात कुठे शिकायचं, मी शिकले. आज सात दुकानांचं काम माझ्याकडे आहे, जीएसटीची दोन रिटर्न, ११ तारखेच्या आत आर-वन आणि २० च्या आत थ्री-बी, कधी लेट फी बसू दिली नाही. त्यामुळे "शिकवणारच नाही तर शिकणार कसं" हे ऐकलं की मला वाईट वाटतं. माझ्यासारख्या बायका मग प्रयत्नच करणार नाहीत.

लेथवाला चाकण:
ताई, तुमचं कौतुकच आहे. एकच विचारतो, पहिली खरी एंट्री कोणाच्या बिलावर केलीत?

पुन्हा कामावर:
कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या. त्याचा बिलांचा खोका आणायचे, सहा महिने फुकट केलं त्याचं. त्याचे सीए माझं काम तपासून पेन्सिलने खुणा करून द्यायचे.

लेथवाला चाकण:
मग ते सीए म्हणजे तुमचे काकाच की.

पुन्हा कामावर:
पेन्सिलच्या चार खुणा आणि सहा महिने पगारी शिकवणं यात फरक आहे. बरं, बिलं मिळाली नसती तर अडलं असतं हे मान्य करते. पण आधी व्हिडिओ बघून डेबिट क्रेडिट पक्कं केलं नसतं तर त्याने खोका दिलाच नसता, एवढं तुम्हीही मान्य करा.

आयटीतला एक:
आमच्याकडे उलटी गंमत. वर्षाला इतके तास लर्निंग पूर्ण करायचेच, अप्रेझलला मोजतात. लोक एका टॅबमध्ये व्हिडिओ डबल स्पीडला लावून दुसऱ्या टॅबमध्ये काम करतात. मी स्वतः केलंय हे, लाज वाटते सांगायला. क्लाउडची दोन सर्टिफिकेट आहेत आणि प्रत्यक्ष सर्व्हरला हात लावायला मिळालेला नाही, कारण प्रोजेक्टवर ते काम दुसऱ्या टीमकडे आहे. वर्षभरात निम्मं विसरलो. लेथवाले साहेबांशी सहमत.

जुना डीटीपी:
तुम्ही सगळे शिकायचं कसं यावर भांडताय, शिकलेलं टिकतं का ते कोण बोलणार? मी पेजमेकर आणि श्रीलिपी या छपाईच्या जुन्या सॉफ्टवेअरवर पोट भरलं. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, निवडणुकीची पत्रकं. टाइपरायटरच्या पद्धतीने मराठी इतकं पळायचं की हस्तलिखितावरून नजर काढावी लागायची नाही. मग युनिकोड आलं, सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची नवी पद्धत. जुन्या फाइली नव्या कॉम्प्युटरवर उघडल्या की नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. वर म्हणे आता इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका. पन्नाशीला बोटांना नवीन वळण लावणं म्हणजे काय ते ज्याने लावलं त्यालाच कळतं.

मंत्रालयीन लिपिक:
इनस्क्रिप्टला नावं ठेवू नका. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, इतका सुटसुटीत कीबोर्ड दुसरा नाही. मराठीत क जिथे आहे तिथेच गुजरातीत आणि कन्नडमध्ये क. पंधरा दिवसात येतं. गोदरेजने टाइपरायटर बनवणं २००९ लाच बंद केलं, तुम्ही अजून त्याच कळा बडवताय आणि दोष युनिकोडला देताय.

जुना डीटीपी:
पंधरा दिवसात येतं ते कोऱ्या पाटीला. आमची पाटी भरलेली आहे. 'कि' लिहायचं तर आम्ही आधी वेलांटी मारतो मग क, जसं दिसतं तसं. तुमच्या इनस्क्रिप्टला आधी क मग वेलांटी. 'सूर्य' लिहिताना आमचा रफार य च्या नंतर येतो, तुमचा आधी. वीस वर्षं बोटांत बसलेलं प्रत्येक शब्दाला उलटं करायचं. माझा स्पीड पन्नासवरून बारावर आला होता. बारा! गिऱ्हाईक समोर खुर्चीत बसलेलं, घड्याळ बघतंय. तुम्हाला सरकारी पगार चालू असताना शिकायला मिळालं म्हणून हे पंधरा दिवस सुचतात.

मंत्रालयीन लिपिक:
सरकारी पगारावर यायचं कारण नाही. मराठी ३० आणि इंग्रजी ४० चा स्पीड काढून, परीक्षा देऊन आलोय, कोणाच्या चिठ्ठीवर नाही. आणि जे लिहिताय ते म्हणजे निव्वळ हट्ट. तुमच्यासारख्यांच्या हट्टामुळे अजून निम्म्या पत्रिका जुन्या फॉन्टात आहेत आणि त्यातला एक शब्द सर्च करता येत नाही.

फोनेटिकवाली:
दोघेही सोडा, फोनेटिक घ्या. इंग्रजीत टाका, मराठी येतं. मी हे सगळं तसंच टाइप केलंय.

मंत्रालयीन लिपिक:
आणि 'दऱ्या' लिहिताना काय करता? 'दर्या' लिहून मोकळे होता ना? डोंगरातली दरी आणि समुद्र एक करून टाकला तुम्ही लोकांनी.

फोनेटिकवाली:
लिहिता येतो तो र. मला नीट येतो. 'तुम्ही लोकांनी' म्हणायची गरज नव्हती.

जुना डीटीपी:
हा एक मुद्दा लिपिक साहेबांचा बरोबर आहे, दऱ्या आणि दर्या वेगळे. बाकी एकही नाही.

झेडपीच्या बाई:
कॉम्प्युटर शिकण्याचं निघालंच आहे तर माझंही ऐका. आम्हाला एमएससीआयटी ही कॉम्प्युटरची परीक्षा सक्तीची केली आणि मुदतीत झाली नाही म्हणून माझी वेतनवाढ थांबली. शाळेत तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, वीज पण धड नव्हती. तालुक्याला क्लास, एसटीने दीड तास, पोचलं की लोडशेडिंग. शिक्षा झाली म्हणून शिकले आणि परीक्षा झाल्यावर चार वर्षं कीबोर्डला हात लागला नाही, कारण शाळेत तो नव्हताच. सगळं पुसलं गेलं. मग ऑनलाइन माहिती भरायचं आलं तेव्हा सहावीतल्या एका मुलाने मला एक्सेलमध्ये बेरीज कशी ओढायची ते परत दाखवलं, आणि ते आजपर्यंत विसरले नाही, कारण दुसऱ्या दिवसापासून रोज लागत होतं. सक्ती करायची तर आधी वस्तू द्या. माझ्या वाढीचे पैसे अजून मनाला लागतात.

मंत्रालयीन लिपिक:
बाई, तो नियम सगळ्या विभागांना होता. सक्ती नसती तर निम्म्या ऑफिसांनी आज पण माऊसला हात लावला नसता.

झेडपीच्या बाई:
तुमच्या ऑफिसात टेबलावर कॉम्प्युटर होता हो. माझ्या वर्गात फळा होता.

पुन्हा कामावर:
बाईंचं वाचून थांबले जरा. रोज लागलं म्हणून राहिलं हे माझ्या बाबतीत पण तसंच आहे. माल वाहून नेताना लागणाऱ्या ई-वे बिलाचा अख्खा कोर्स केला होता मी, पण माझ्या गिऱ्हाइकांत कोणाला लागत नाही, आज विचाराल तर मला सांगता येणार नाही. पण दादा, तरी मी म्हणेन की ज्याला काम नाही त्याने काका भेटेपर्यंत बसून राहायचं का? माझा भाचा आहे. तीन महिन्यांचा सीएनसीचा कोर्स केलाय त्याने, तुम्ही केलात तसाच. आठ महिने घरी आहे. जिथे जातो तिथे अनुभव विचारतात. त्याला मी काय सांगू, आळशी नाहीस म्हणून? त्याने त्याचं पोट भरणार नाही.

लेथवाला चाकण:
नाही भरणार. हे तुमचं बरोबर आहे, आणि मी वर जे लिहिलं त्यात या पोराला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं, ते आता वाचताना कळतंय.

अप्रेंटिसचा कायदा १९६१ चा आहे, कंपन्या पोरं घेतात, पण बऱ्याच ठिकाणी वर्षभर लोडिंग-अनलोडिंगच करून घेतात, सेटिंगला हात लावू देत नाहीत, कारण टूल फुटलं तर जबाबदारी कोणाची. माझ्या शॉपमध्ये पण तसंच आहे आणि मी सुपरवायझरला कधी बोललो नाही. सेटर काका रिटायर झाले तेव्हापासून नवीन पोरांच्या मागे कोणी उभं राहत नाही. मीही नाही, माझं टार्गेट असतं.

रविवारी मी मित्राच्या शेडवर जॉबवर्कला जातो. छोटी शेड आहे, एक जुनी सीएनसी आणि एक लेथ. मित्राला विचारलं, तो हो म्हणाला. भाच्याला पाठवा. सेफ्टी शूज पाहिजेत, हातात कडं-अंगठी नको. पहिले दोन-तीन रविवार मशीनला हात नाही, फक्त पीसची मापं घ्यायची. व्हर्नियर वाचता येतो का त्याला?

पुन्हा कामावर:
विचारलं. व्हर्नियर येतो म्हणाला. मायक्रोमीटर क्लासमध्ये एकच होता, त्याचा नंबरच आला नाही.

लेथवाला चाकण:
माझा आहे, शून्य ते पंचवीस मिलिमीटरचा. साडेआठला पाठवा.