जिओकॅशिंग सुरू करायचंय, कुठून सुरुवात करू?

नेकारकाठची

नमस्कार मंडळी. जानेवारीपासून आम्ही श्टुटगार्टमध्ये आहोत. लेक नऊ वर्षांची. फिरायला चल म्हटलं की तोंड वाकडं, "झाडंच तर आहेत, त्यात काय बघायचं?" मागच्या महिन्यात वर्गातल्या एका मुलीच्या वाढदिवसाला सगळ्या पोरांनी फोनवरच्या नकाशावरून जंगलात कुणीतरी लपवलेला डबा शोधला, तेच हे जिओकॅशिंग. तेव्हापासून घरात एकच पालुपद.

ॲप उतरवलं तर नकाशाला गोवर आल्यासारखे ठिपके! गोंधळले. नवऱ्याने दोनशे युरोचं जीपीएस यंत्र बघून ठेवलंय, ते घ्यावं का? वर्गणी भरावी लागते का? आणि आमचं जर्मन बेकरीपुरतंच आहे, चालेल ना?

डबेवाला_बव्हेरियन

नवरोजींना सांगा, दोनशे युरो खिशातच राहू द्या. फोन पुरतो. मोकळ्या आकाशाखाली तो तीन ते पाच मीटरपर्यंत आणून सोडतो. दाट झाडीत किंवा उंच इमारतींमध्ये सिग्नल कशाकशावर आपटून येतो, मग बाण दहा-पंधरा मीटर नाचतो. महागडं यंत्रही तिथे थोडंफार नाचतंच. शिवाय ज्याने डबा लपवला त्याच्या मोजणीतली चूक वेगळी. म्हणून जवळ पोचलात की फोन खिशात टाकायचा आणि डोळे वापरायचे.

वर्गणी आत्ता नको. अधिकृत ॲपमध्ये फुकट खात्याला सगळे डबे दिसत नाहीत, पण सुरुवातीला दिसतात तेवढे रग्गड आहेत. अँड्रॉइड असेल तर सी:जिओ बघा, हौशी मंडळी चालवतात, फुकट आहे.

खरी मेख निवडीत आहे. प्रत्येक डब्याला दोन आकडे असतात, १ ते ५, अर्ध्या-अर्ध्याने चढणारे. एक शोधायला किती अवघड त्याचा, दुसरा वाट किती अवघड त्याचा. दोन्ही दीडच्या आत ठेवा. ठिपका हिरवा, म्हणजे ट्रॅडिशनल, दिलेल्या जागीच डबा. निळ्या प्रश्नचिन्हाच्या वाटेला जाऊ नका, तिथे आधी घरी बसून कोडं सोडवायचं असतं, आणि तेही जर्मनमध्ये.

आकारही बघा. लोक हेच विसरतात. मायक्रो म्हणजे कॅमेऱ्याच्या रोलची डबी किंवा त्याहून लहान, आत सही करायची कागदाची सुरळी, बस. अर्धा तास शोधून पोरीच्या हाती सुरळी आली तर ती परत येईल का? स्मॉल किंवा रेग्युलर घ्या. त्यात गोट्या, स्टिकर, छोटी खेळणी असतात. एक घ्यायचं, तेवढ्याच तोलाचं एक ठेवायचं.

खडूस_आजोबा

पेन राहिलं की हो! लहान डब्यांत पेन मावत नाही, आणि डब्यातल्या वहीत किंवा सुरळीवर सही केल्याशिवाय सापडला म्हणता येत नाही. मी पहिल्या दिवशी सुनेच्या काजळपेन्सिलीने सही केली होती. अजून ऐकवते.

डबेवाल्यांना अनुमोदन, फक्त एक भर. निघण्याआधी ॲपमध्ये त्या डब्याखालच्या शेवटच्या चार नोंदी वाचा. ओळीने 'सापडला नाही' असेल तर डबा बहुधा गेलेला असतो. तुम्हालाही नाही सापडला तर तसंच लिहा, लाजू नका. मालकाला त्यावरूनच कळतं.

अर्धीवाट

वाचतेय, रुमाल टाकून ठेवते. हा खेळ आला कुठून?

डबेवाला_बव्हेरियन

अमेरिकेतून. आधी अमेरिकन सरकार नागरिकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळायचं, शंभरेक मीटरपर्यंत गंडायचं. २ मे २००० ला ती बंद केली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवून अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. आत पुस्तकं, पैसे, गलोल आणि चक्क बीन्सचा डबा होता. आज खाऊ ठेवायला मनाई आहे, प्राणी वासाने येऊन डबा फोडतात.

रानवाट

जर्मनीतली दहा वर्षं याच वेडात गेलीत. भाषेची काळजी नको, वर्णन भाषांतराच्या ॲपमध्ये टाका. 'पेटलिंग' शब्द मात्र लक्षात ठेवा. प्लॅस्टिकची बाटली फुगवण्याआधी जी जाड नळी असते तीच, इथले लोक तिलाच झाकण लावून लपवतात.

आणि 'हाझनग्रिल', म्हणजे सशाची शेगडी! झाडाच्या बुंध्याशी आठ-दहा काटक्या शेजारी शेजारी, एका मापाच्या, सरळ रचलेल्या. निसर्ग असं कधी रचत नाही. बाकी सगळा पालापाचोळा विस्कटलेला आणि तेवढ्याच काटक्या शिस्तीत उभ्या. माझ्या मुलाला पहिल्यांदा ती दिसली तेव्हा तो बोलला नाही, नुसता बाही ओढत राहिला. काढलं ते तसंच रचून ठेवायचं, हे त्याला तिथेच शिकवलं.

डबा सहसा जमिनीत पुरलेला नसतो, परवानगीशिवाय खणायचं नाही असा नियमच आहे. तेव्हा खणू नका. आणि भोकात हात घालण्याआधी काठी घाला.

घरी आल्यावर गोचीड बघा: गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये गोचिडीतून मेंदूज्वर होतो, लस मिळते, डॉक्टरांना विचाराच. दिवेलागणीनंतर जंगलात थांबू नका, शिकारी मचाणावर बसलेले असतात.

नेकारकाठची

सगळ्यांचे आभार. काल जाऊन आलो!

पहिला मिळालाच नाही. बाण एका बाकाभोवती पिंगा घालत होता, तेवढ्यात एक आजी कुत्रा घेऊन त्याच बाकावर येऊन बसल्या. आम्ही वीस मिनिटं बदकं बघायचं नाटक केलं. शेवटी 'सापडला नाही' लिहून टाकलं. दुसरा पुलाच्या कठड्याला होता. हिंट एकच शब्द, चुंबक. मी वाकून वाकून बघत होते. लेकीने न बघता लोखंडी पट्टीखालून हात फिरवला आणि "आई, इथे गार लागत नाहीये!" म्हणाली. प्लॅस्टिकची डबी होती. आत तिने गणपतीचं स्टिकर ठेवलं.

परतीला चार किलोमीटर चालली, एकदाही कुरकुर नाही.

एक शंका. तिसऱ्या डब्यात एक धातूचा बिल्ला मिळाला, वर क्रमांक कोरलाय. त्या क्रमांकाच्या वेबपानावर लिहिलंय, मला पूर्वेकडे न्या. दिवाळीत पुण्याला जातोय. तिकडे ठेवू का?

खडूस_आजोबा

ते ट्रॅव्हल बग. अदलाबदलीत धरायचं नाही, पुढच्या डब्यात पोचवायचं. पण पुण्याकडे डबे मोजके, आणि ॲपवर दिसणारा डबा जागेवर असेलच असं नाही. अलीकडे कुणाला सापडलाय असाच निवडा, नसेल तर बिल्ला परत घेऊन या. पूर्वेकडे गेल्याची नोंद तेवढी करा. स्वतःचा डबा किल्ल्यावर लपवायचा मोह झाला तर आवरा, संरक्षित वास्तूच्या दगडांत हात घालायचा नाही.

डबेवाला_बव्हेरियन

आणि नवरोजींनी ते यंत्र घेतलंच असेल, अन् त्यातून सॅटेलाइटवर मेसेज जात असतील, तर ते भारतात नेऊ नका. परवान्याशिवाय चालत नाही, विमानतळावरच अडकाल.

नेकारकाठची

घेतलंय! कालच पार्सल आलं. खोक्यावर काय लिहिलंय ते बघून सांगते.