स्ट्रोकनंतरची अर्धी नजर: तुमच्या घरचे अनुभव लिहा

धरमपेठची लेक
आज नागपुरात बर्डीच्या मेट्रो स्टेशनवर एक काका डावीकडून येणाऱ्या प्रत्येकाला धडकत होते. एक पोरगा खेकसला, "दिसत नाही का?" सोबतच्या काकू म्हणाल्या, "अरे बेटा, पॅरालिसिस झाला ना यांना, त्या बाजूचं खरंच नाही दिसत." मला आमचे बाबा आठवले.

स्ट्रोकनंतर बाबांचे हातपाय शाबूत, बोलणंही साफ. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. मग ताटात डावीकडची भाजी तशीच राहायला लागली आणि बाबा विचारायचे, "आज भाजी नाही केली का?" पेपरात 'महानगरपालिका'चं फक्त 'पालिका' वाचायचे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळे उत्तम आहेत. नंतर परिमेट्री केली. त्यात समोर प्रकाशाचे ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेलेली निघाली, कारण इजा मेंदूच्या उजव्या मागच्या भागात होती. चष्म्याचा नंबर बदलून यात काही होत नाही, हे लोकांना सांगून सांगून आम्ही थकलो. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी लिहा. कशानं निभलं, तेही लिहा.

मानेवाड्याहून
आमच्या ह्यांना एकाचे दोन दिसायचे. जिना उतरताना पायरी कोणती खरी तेच कळेना, कठडा धरून उभे राहायचे. एक डोळा झाकला की एकच दिसे, म्हणून डॉक्टरांनी पट्टी आलटून पालटून लावायला सांगितली. पुढे चष्म्याच्या काचेवर प्रिझमची पातळ फिल्म चिकटवून दिली, खूप फरक पडला. डोळा हलवणारे स्नायू एकमेकांशी जुळत नव्हते म्हणे.

कुकरची शिट्टी
सेम. आईचं. संध्याकाळी लिहिते, पोळ्या व्हायच्यात.

वर्धा रोडवाला
मामंजींना रोज पेपर लागतो. ओळीची सुरुवातच सापडायची नाही. थेरपिस्ट ताईंनी पानाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावून दिली. लाल दिसेपर्यंत मान वळवायची, मगच वाचायला लागायचं. ओळीखाली फूटपट्टी. आधी फक्त मथळे, मग हळूहळू अग्रलेखापर्यंत आले. ज्या दिवशी अग्रलेख पुरा वाचला त्या दिवशी सासूबाईंनी शिरा केला.

धरमपेठची लेक
@वर्धा रोडवाला वाचूनच डोळे भरले. पट्टी कुठली घेतली?

वर्धा रोडवाला
वायरला लावतात ती. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून.

इतवारी
आमच्या वडिलांची उजवी बाजू गेली. त्यात उलटं असते, सुरुवात दिसते पण ओळ पुढे सरकतच नाही. त्यांनी पेपर उभा धरून वरून खाली वाचणं सुरू केलं. लोक पाहून राहिले तर पाहू दे बाप्पा.

सक्करदरा
आजीला न दिसणाऱ्या बाजूला लहान पोट्टे खेळताना दिसायचे, कधी फुलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, बाहेरचं काहीतरी आहे, उतरवून घ्या. आजी स्वतःच म्हणायची, "खरे नाहीत ते, माहीत आहे मला." डॉक्टरांनी समजावलं की नजर गेली की मेंदू ती रिकामी जागा आपल्या मनानं भरतो, याला वेड म्हणत नाहीत. आजी इतकी निर्धास्त झाली! कोणाच्या घरी असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

मानेवाड्याहून
@सक्करदरा आजी कशा आहेत आता? तुमच्याकडे लाईट आली का? आमच्याकडे दुपारपासून नाही, ४५ डिग्रीत जीव चाललाय.

सक्करदरा
आली आत्ताच. आजी मजेत, पोट्टे दिसणं कमी झालं.

थेरपीवाली
रोज असे पेशंट पाहते, म्हणून लिहिते. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एकात अर्धी बाजू दिसत नाही, पण माणसाला ते कळतं, म्हणून तो मान वळवायला पटकन शिकतो. दुसऱ्यात मेंदू ती बाजू धरतच नाही. अर्धीच दाढी होते, एकच बाही घातली जाते, आणि "मला काही झालं नाही" असं मनापासून वाटतं. त्याला हट्टी म्हणू नका, त्याच्यासाठी ती बाजू जगातच नाही. आपोआप होणारी सुधारणा बहुतेक पहिल्या काही महिन्यांत होते, पण मान आणि नजर फिरवायची सवय नंतरही लावता येते.

आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. अचानक एका बाजूचं दिसेनासं झालं किंवा दोन दोन दिसायला लागलं तर चष्म्याच्या दुकानात नाही, सरळ इमर्जन्सीत जा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

इतवारी
ताई हे फॅमिली ग्रुपवर टाकतो.

गोकुळपेठ मार्केट
गाडीचं काय केलं कोणी? बाबांची स्कूटर उभी आहे, रोज पुसतात. डॉक्टर नाही म्हणाले. चावी मागतात तेव्हा काय बोलू सुचत नाही.

वर्धा रोडवाला
@गोकुळपेठ मार्केट मामंजींची हीच गत होती. आम्ही रोज सकाळी मागे बसवून तर्री पोहा खायला नेतो. रस्ता तेच सांगतात, आम्ही ऐकतो.

कुकरची शिट्टी
आले. आई स्वयंपाकघरात डावीकडच्या ओट्याला सारखी आपटायची, हाताला निळे डाग. आता सगळे डबे उजवीकडे, गॅसच्या बटणांना रंगीत टिकल्या. खोलीत शिरताना आधी मान पूर्ण डावीकडे, मग पाऊल. नातीनं शिकवलं, "आजी, आधी भिंत पाह्य!" कालपासून कणीक तीच मळून राहिली. पण परिमेट्री आमची अजून झाली नाही. कुठे होईल?

थेरपीवाली
मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, नेत्र विभागात आधी विचारा. एमआरआयचे जुने कागद सोबत न्या, आणि आईंना नीट झोप झाल्यावर न्या. थकलेल्या माणसाचं बटण चुकतं.

कुकरची शिट्टी
सोमवारी नेते. भाऊ सुट्टी टाकतोय.