कोल्हापुरात बाबांना पांढरा रस्सा कुठे खाऊ घालू?

मंडळी, मदत हवी आहे. येत्या रविवारी आई-बाबांना घेऊन अंबाबाईच्या दर्शनाला येतोय. बाबा पंचाहत्तरीचे, तांबडा आता सोसत नाही, पण पांढऱ्या रश्श्यावर फार जीव. मागच्या खेपेला एका नावाजलेल्या हॉटेलात कॉर्नफ्लोअर लावून दाट केलेला रस्सा आला. नारळाच्या दुधाची, खसखशीची चवच नाही. बाबांनी दोन घोट घेऊन वाटी बाजूला सरकवली. फार वाईट वाटलं मला.

महाद्वार रोडच्या आसपास, जिना चढावा लागणार नाही अशी साधी खानावळ कुणी सांगेल का? रस्सा मटणाच्या अळणीतच, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यातच, केलेला हवा. आईसाठी शाकाहारी ताटही मिळावं. किती वाजता पोचलं तर थांबावं लागणार नाही? नेहमी जेवणाऱ्यांनीच सांगा, रिव्ह्यूचे तारे बघूनच मागच्या वेळी फसलो.