गोळ्या दिल्या की झालं?

मानसिक आजारांवरच्या या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, "गोळ्या वेळेवर दिल्या की झालं, घरच्यांनी एवढा बाऊ कशाला करायचा?" म्हणून लिहितेय. माझ्या दादाला स्किझोफ्रेनिया होऊन वीस वर्षं झाली. जरा बरं वाटलं की तो गोळी जिभेखाली धरायचा आणि बेसिनमध्ये थुंकायचा. मग आई ती आमटीत कुस्करून घालायला लागली. एकदा त्याने पाहिलं, आणि पुढे वर्षभर तो तिच्या हातचं जेवला नाही. अंडी उकडून खायचा, स्वतः सोलून. (चूक आमचीच, आता कळतं.) शेवटी डॉक्टरांनी महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं, तेव्हा कुठे घरातली पोलीसगिरी थांबली. ज्यांच्याकडे रोज हे भांडण आहे त्यांनी डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा.

आई चौऱ्याहत्तरची आहे. अजूनही रात्री कडी वाजली की उठून बसते. लग्नकार्याला आम्ही दोघी कधीच एकत्र जात नाही.

अशा सज्ञान माणसाच्या कायदेशीर पालकत्वाचा, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय कोणी घ्यायचे, हाही विषय निघाला होता. असा पालक नेमता येतो त्या १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी वगैरे येतात, स्किझोफ्रेनिया येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मात्र रुग्णाला आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी', म्हणजे उपचारांच्या निर्णयांत साथ देणारं आपल्या पसंतीचं माणूस, साध्या कागदावर लिहून ठेवता येतो. दादाने माझं नाव लिहिलं, सही केली आणि विचारलं, "तुझ्यानंतर कोणाचं लिहू?"